सिकंदराला ‘महान’ इंग्रजांनी केले नाही

एक मजकूर वर्षानुवर्षे फॉरवर्ड होत आला आहे. त्याचा सारांश असा: झेलमच्या काठी पोरसाने सिकंदराला हरवले, ग्रीकांनी तो पराभव लपवला, हरल्यामुळेच त्याने पोरसाला राज्य परत दिले, मगधाच्या धास्तीने तो माघारी फिरला, पोरसाच्या बाणाने मेला, पाश्चात्त्यांनी त्याचे फक्त गोडवे गायले आणि ‘महान’ ही पदवी इंग्रजांनी आपल्या शालेय पुस्तकांत घुसवली. यातला मगधाचा मुद्दा बऱ्याच अंशी खरा आहे. बाकीचे पुराव्यापुढे टिकत नाहीत.

‘पोरस जिंकला, ग्रीकांनी लपवले.’

पोरस हे नावच मुळात आपल्याला ग्रीक-रोमन ग्रंथांतून कळते. पुराणे, बौद्ध व जैन ग्रंथ या लढाईबद्दल एक ओळही लिहीत नाहीत. ‘राजाला शोभेल असे वागव’ हे पोरसाचे बाणेदार उत्तरही त्याच ग्रीक परंपरेतले. ते उत्तर घ्यायचे आणि त्याच पानावरचा निकाल टाकून द्यायचा, हे चालणार नाही.

लढाई कशी झाली हे एरियन या ग्रीक इतिहासकाराने टप्प्याटप्प्याने दिले आहे. इ.स.पू. ३२६, नदीला पूर. सिकंदर रोज रात्री काठाने घोडदळ दौडवून आरडाओरडा करवी. पोरसाचे सैन्य प्रत्येक वेळी समोर धावून जाई, आणि शेवटी दमून पोरसाने तिकडे लक्ष देणे सोडले. सिंधूवरच्या होड्या तुकडे करून गाड्यांवरून आणल्या होत्या. लहान होड्यांचे दोन तुकडे, तीस वल्ह्यांच्या मोठ्यांचे तीन. कातड्याच्या पखालींत गवत भरून तराफे केले. तळापासून सुमारे २७ किलोमीटर वर, वादळी पावसाच्या रात्री, जवळपास ५,००० घोडेस्वार आणि ६,००० पायदळ पलीकडे गेले. तेही आधी चुकून एका बेटावर उतरले आणि पुढचा प्रवाह छातीभर पाण्यातून ओलांडावा लागला.

पोरसाकडे ३०,००० पायदळ, ४,००० घोडेस्वार, ३०० रथ आणि २०० हत्ती होते. घात चिखलाने केला. पुढे धाडलेले रथ रुतले आणि त्या तुकडीबरोबर पोरसाचा मुलगा पडला. भारतीय तिरंदाजांचे लांब धनुष्य जमिनीवर टेकवून ओढायचे असे. निसरड्या मातीत ते टेकेना. पोरसाचे घोडदळ दोन्ही बाजूंनी दाबले गेले, तेव्हा जखमी हत्ती दाटीत बिथरून आपल्याच माणसांना तुडवू लागले.

मृतांच्या आकड्यांवर मात्र शंका घ्यायलाच हवी. एरियन सिकंदराची हानी जेमतेम ३०० सांगतो, तर डायोडोरस हा दुसरा ग्रीक इतिहासकार पायदळातले ७०० हून अधिक आणि २८० घोडेस्वार. ग्रीकांनी आपली हानी कमी दाखवली असणार. पण निकाल पुढच्या हालचालींतून दिसतो. सिकंदर तिथून पूर्वेकडे गेला, चिनाब आणि रावी ओलांडून बियासपर्यंत, आणि वाटेत सांगल या नगराच्या वेढ्यात पोरस हत्ती व ५,००० सैनिक घेऊन त्याच्या मदतीला आला. जिंकलेला राजा हरलेल्याच्या मोहिमेत सैन्य घेऊन जात नाही.

पोरस जिंकल्याचा पुरावा म्हणून काही जण इथिओपियातल्या सिकंदरकथेचा दाखला देतात. ज्या ग्रीक अद्भुतकथेतून ती वाढली, तिच्यात सिकंदर द्वंद्वात पोरसाला ठारच करतो. फिर्दौसीच्या शाहनामा या फारसी महाकाव्यातही तसेच आहे.

‘हरला म्हणून राज्य परत दिले.’

जिंकलेल्या मुलखात जुनाच माणूस ठेवणे ही सिकंदराची नेहमीची पद्धत होती. गौगामेलाच्या लढाईत त्याच्याविरुद्ध लढलेल्या इराणी सरदार मझाइओसला त्याने बॅबिलोनचा क्षत्रप (प्रांताधिकारी) केले, तक्षशिला तिथल्या राजा आंभीकडेच राहिली. झेलमवर त्याने निकाइया (विजयनगरी) आणि मेलेल्या घोड्याच्या नावाने बुकेफाला अशी दोन शहरे वसवली.

‘मगधाला घाबरून परतला.’

हा मुद्दा बराचसा बरोबर आहे. पोरसाशी झालेल्या झुंजीने सिकंदराच्या मॅसिडोनियन सैनिकांची धार बोथट झाली, असे ग्रीक चरित्रकार प्लुटार्क स्पष्ट लिहितो. गंगेपलीकडे, म्हणजे मगधाकडे, हजारो हत्ती उभे आहेत ही बातमीही छावणीत पोहोचली होती. त्यात भर ७० दिवसांच्या पावसाची, घोड्यांच्या झिजलेल्या खुरांची आणि घर सोडून आठ वर्षे झाल्याची. मात्र बियासवर अडले ते सैन्य. सिकंदराला स्वतःला पुढेच जायचे होते. पोरसाचे खरे श्रेय या जागी आहे, आणि ते मोठे आहे.

‘पोरसाच्या बाणाने मेला.’

छातीत बाण लागला तो मल्ल या लोकांच्या नगराच्या वेढ्यात, मुलतानच्या परिसरात. मृत्यू बॅबिलोनला, जून इ.स.पू. ३२३ मध्ये, बारा-एक दिवसांच्या तापाने. मध्ये दोन वर्षांहून अधिक काळ गेला.

‘पाश्चात्त्यांनी फक्त गोडवे गायले.’

थीब्स या ग्रीक शहरात सिकंदराने ६,००० मारले आणि ३०,००० गुलाम म्हणून विकले, हे ग्रीकच सांगतात. वायव्येकडच्या मस्सगा या नगराच्या भाडोत्री भारतीय सैनिकांना अभय देऊन कापले, त्याला प्लुटार्क त्याच्या युद्धकीर्तीवरचा डाग म्हणतो. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने तर त्याला सरळ लुटारू म्हटले.

‘महान ही पदवी इंग्रजांची.’

उपलब्ध लिखाणात ‘अलेक्झांडर मॅग्नस’ (लॅटिनमध्ये ‘महान सिकंदर’) पहिल्यांदा येतो तो प्लॉटस या रोमन नाटककाराच्या विनोदी नाटकात, इ.स.पू. २०० च्या आसपास. तेव्हा इंग्रजी भाषाही नव्हती. पण मोठेपणा घडवायला त्याच्या सेनापतींनी आधीच सुरुवात केली होती, कारण एकाचाही गादीवर रक्ताचा हक्क नव्हता. त्यांतल्या टॉलेमीने मॅसिडोनियाकडे निघालेले सिकंदराचे प्रेत वाटेत ताब्यात घेऊन इजिप्तला नेले. नाण्यांवर हत्तीच्या मुंडक्याचे कातडे पांघरलेला सिकंदर छापला. त्यात सोंड कपाळावरून वर वळलेली आणि सुळा गालाजवळ पुढे आलेला दिसतो. आणि त्याच टॉलेमीने लिहिलेला मोहिमेचा इतिहास एरियनचा मुख्य आधार ठरला. पुढे रोमचा सेनापती पाँपे याने ‘मॅग्नस’ हेच बिरुद लावले.

आपल्याकडे सिकंदर हे नाव फारसीतून आले. अलाउद्दीन खलजीने (१२९६–१३१६) आपल्या नाण्यांवर स्वतःला ‘सिकंदर-अस-सानी’, म्हणजे दुसरा सिकंदर, म्हणवून घेतले. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली १६०० साली. आणि ज्या इराणची राजधानी पर्सेपोलिस सिकंदराने जाळली, तिथल्या जरथुष्ट्री धर्मगुरूंच्या पहलवी (जुन्या फारसी) ग्रंथांत त्याच्या नावामागे ‘गुजस्तक’, म्हणजे शापित, हेच विशेषण राहिले.