छातीने रणगाडा थांबत नाही, भावांनो

सकाळपासून एकच व्हिडिओ तीन ग्रुपवर आलाय. कुठल्याशा हॉलमधलं व्याख्यान. वक्ते घसा ताणून सांगताहेत की १९६५च्या युद्धात अब्दुल हमीदांनी आपली जीप सरळ पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यावर घातली, समोर छाती काढून उभे राहिले आणि शत्रूची गाळण उडाली. टाळ्या, शिट्ट्या. खाली आपल्याच कोल्हापूरच्या लोकांच्या कमेंटी: 'नाद खुळा', 'अंगावर काटा आला'.

माझ्या मात्र डोक्यात तिडीक गेली. सैनिक टाकळीसारखं गाव ज्या जिल्ह्यात आहे, टेंबलाईच्या टेकडीवर ज्या शहरात मराठा लाइट इन्फंट्रीची टीए (प्रादेशिक सेना) पलटण आहे, तिथल्या माणसांनी असल्या गोष्टीला टाळ्या वाजवाव्यात? अरे, घरात एखादा तरी माजी सैनिक असेल. त्याला विचारा की.

जीप सरळ रणगाड्यावर घालणारा माणूस पहिल्या मिनिटात मेला असता आणि एकही पॅटन पेटला नसता. हमीद सरळ गेलेच नाहीत. ते बगलेला गेले. परमवीर चक्राच्या मानपत्रात हे स्पष्ट लिहिलंय. १० सप्टेंबर, खेमकरण-भिखीविंड रस्त्यावर चीमा गावाच्या पुढे, सकाळी आठला पॅटनच्या एका रेजिमेंटचा हल्ला सुरू झाला आणि नऊपर्यंत रणगाडे आपल्या पुढच्या मोर्च्यांत घुसले होते. हमीदांनी गोळीबारातून जीप बाजूला काढली, जागा धरली, पुढचा रणगाडा उडवला. लगेच जागा बदलली. दुसरा पेटवला. तोवर ते शत्रूच्या नजरेत आले होते. तिसऱ्यावर मारा चालू असताना तोफगोळा लागून गेले.

बगल आणि जागा बदलणं. या दोन गोष्टी त्या वक्त्यांनी गाळल्या, आणि सगळी गोष्ट या दोन गोष्टींतच आहे.

जीपवर काय होतं ते सांगतो, कारण 'जीपवरची तोफ' म्हणून सगळे पुढे जातात. ती १०६ मिलिमीटरची आरसीएल, म्हणजे धक्का न देणारी तोफ. (खरा व्यास १०५ आहे. आधीच्या १०५च्या तोफेच्या गोळ्यांशी गोंधळ नको म्हणून नाव १०६ ठेवलं.) सगळी तोफ अकरा फुटांची, सगळा सांगाडा दोनशे किलोच्या वर, एक गोळा साधारण सतरा किलोचा. साध्या तोफेला मागे धक्का बसतो, तो पेलायला जड गाडा लागतो. हिच्यात काडतुसाच्या नळकांड्यालाच भोकं असतात, जळालेला वायू मागच्या बाजूने बाहेर पडतो आणि पुढचा-मागचा जोर एकमेकांना खातो. म्हणून जीपवर बसते. पण मागून जो आगीचा लोळ निघतो, त्यात तीसेक मीटरपर्यंत माणूस उभा राहिला तर संपला. मागे भिंत किंवा बांध असला तर तो झोत उलटून आपल्याच लोकांवर येतो. आणि त्या झोताने धुळीचा असा लोट उठतो की कोसभरावरून शत्रूला कळतं, तोफ इथे आहे.

म्हणजे एक गोळा सुटला की तुमचा पत्ता जाहीर. दुसरा गोळा त्याच जागेवरून मारायचा की जीप हलवायची, हा निर्णय काही सेकंदांत. तिसरा तिथूनच मारला तर समोरचा गनर आंधळाच असावा लागतो. जीपला चिलखत नाही. पत्रा आहे. साध्या मशीनगनच्या गोळीने आरपार.

आता नेम. त्या नळीच्या वर एक छोटी रायफल बसवलेली असते. तिच्या गोळीचा मार्ग तोफेच्या गोळ्याच्या मार्गाशी जुळवलेला असतो. आधी ती मारायची. गोळी रणगाड्यावर आपटून धूर दिसला की अंतर बरोबर. नेमाच्या चाकावर एकच मूठ, ती ओढली की रायफल, दाबली की तोफ. गोळा सेकंदाला पाचशे मीटरने निघतो. आठशे मीटरवर पोचायला दोनेक सेकंद. ताशी तीस किलोमीटरने आडवा जाणारा रणगाडा तेवढ्यात सोळा-सतरा मीटर पुढे सरकतो, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या दुपटीहून जास्त. अंगावर धरून मारलं तर गोळा मोकळ्या शेतात. तेवढी आघाडी धरून मारावं लागतं, आणि रायफलीचा चमकता माग समोरच्यालाही दिसतोच.

हे सगळं त्या जीपवर, गोळे पडत असताना. आणि हमीद होते कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार. कपडे, भांडी, रेशन, दारूगोळा यांचा हिशोब ठेवणारा माणूस. पण आरसीएलवर हात पक्का. तो हात छातीने येत नाही. शेकडो वेळा तीच मूठ ओढून-दाबून येतो. या घोटून घेण्याला आपल्या व्याख्यानांत जागाच नाही, कारण त्यावर टाळी पडत नाही.

बरं, पॅटनवाले काय बावळट होते? मुळीच नाही. पंचेचाळीस टनांच्या आसपासची गाडी, ९० मिलिमीटरची तोफ, चार-पाच जणांचं पथक. त्या वेळी आपल्याकडे तिथे सेंच्युरियन होते ते ठीक, पण बाकी जुने शेर्मन आणि हलके एएमएक्स. मग एवढे पॅटन तिथे का राहिले? उत्तर कोल्हापूरच्या माणसाला तरी सांगायला लागू नये. पाणी सोडलेल्या उसात ट्रॅक्टर घालून बघा. शिरोळ-हातकणंगल्याच्या काळ्या रानात, पाट फुटल्यावर. चाक फिरतं, गाडी खाली जाते, जितका रेटा द्याल तितकी रुतते. खेमकरणजवळच्या असल उत्तर गावाला आपल्या फौजेने तेच केलं. घोड्याच्या नालेसारखी मोर्चेबंदी, आणि पुढची शेतं पाण्याने भिजवलेली. रणगाड्याचे पट्टे रुंद असतात, वजन पसरतं, चौरस सेंटिमीटरला साधारण किलोभरच दाब येतो, चालत्या माणसाच्या पावलापेक्षा फार जास्त नाही. म्हणून कोरड्या मातीत तो मजेत जातो. पण चिखलात वळायला गेला की एक पट्टा थांबतो, दुसरा फिरतो, माती पट्ट्याच्या आणि चाकांच्या मध्ये भरते आणि पट्टा निसटतो. मग गाडी आडवी, बगल उघडी. बगलेचं चिलखत पुढच्यापेक्षा पातळ. त्या लढाईत पाकिस्तानचे ९७च्या आसपास रणगाडे गेले किंवा हाती लागले. भिखीविंडजवळ ते ओळीने उभे केले तर जागेला पॅटननगर नाव पडलं.

उसाने लढाई जिंकली असं मी म्हणत नाही. कुणी तसं पकडू नका. पण ऊस, पाणी, सेंच्युरियनचे गनर, मागचा तोफखाना आणि ती जीप हे एकाच हिशोबातले आकडे आहेत. त्यातला एकच उचलून पोवाडा केला की बाकीचे आकडे मरतात.

कुणी म्हणेल, बीजिंगला ५ जून १९८९ ला एक माणूस हातात पिशव्या घेऊन रणगाड्यांच्या रांगेपुढे उभा राहिला, तिथे छातीनेच थांबवला की. थांबवला. मान्य. त्या धैर्यापुढे बोलायला तोंड नाही. पण रणगाडा बाजूने काढू पाहणारा आणि शेवटी इंजिन बंद करणारा एक माणूस आतही होता. ३-४ जूनच्या रात्री त्याच शहरात लष्कर लोकांवर चालून गेलं, तेव्हा छात्या कमी नव्हत्या. रस्ते रक्ताने भरले. छाती चालते ती समोरच्याच्या हातावर. लढाईत समोरचा हात थांबवत नाही.

आणि 'ड्रोन आले, रणगाडे संपले, हे सगळं जुनं झालं' म्हणणाऱ्यांना: थोडंफार खरं आहे. बास.

रणगाड्याच्या आंधळेपणाचं मात्र सांगायलाच हवं, कारण रणगाड्यापुढचं धैर्य त्यावरच चालतं. झाकणं बंद केली की आतल्या माणसाला पेरिस्कोपच्या फटींतून जग दिसतं. गाडीच्या अगदी जवळची जमीन दिसतच नाही. टी-७२ या रशियन रणगाड्याची तोफ खाली फक्त सहा अंश वाकते. नळी जमिनीपासून साधारण पाच-साडेपाच फुटांवर, म्हणजे पंधरा-सोळा मीटरच्या आतल्या जमिनीवर तिचा नेम लागत नाही. वर चौदा अंशांच्या पुढे जात नाही, म्हणजे जवळच्या इमारतीचा तिसरा-चौथा मजला तिच्या आवाक्याबाहेर. चेचन्यातल्या ग्रोझनी शहरात १९९४ च्या अखेरीला रशियन रणगाडे पुरेशा पायदळाशिवाय गल्ल्यांत घुसले तेव्हा तळघरांतून आणि वरच्या मजल्यांवरून त्यांना मारलं गेलं. पहिली आणि शेवटची गाडी पेटवायची, मधल्या आपोआप अडकतात. आपल्या महाद्वार रोडला गर्दीच्या दिवशी दोन टेंपो आडवे झाले की काय होतं ते आठवा.

म्हणून रणगाडा एकटा कधी पाठवत नाहीत. सोबत पायदळ हवं, पुढे सॅपर, म्हणजे सुरुंग काढून वाट करणारे लष्करी इंजिनिअर हवेत. आणि सॅपर म्हटलं की माझा राग जरा उतरतो. कारण ज्याचं नाव कोल्हापूरच्या हॉलमध्ये घ्यायला हवं त्याचं नाव कुणी घेतच नाही.

सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे. कारवारजवळच्या चेंडियाचे, बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल १९४८, जम्मूतला नौशेरा ते राजौरी रस्ता. रस्त्यात सुरुंग, तोडून आडवे टाकलेले पाइनचे ओंडके, उडवलेल्या मोऱ्या-बांध, आणि दोन्ही बाजूंच्या डोंगरांवर मशीनगन. आपले हलके स्टुअर्ट रणगाडे पुढे न्यायचे होते, नाहीतर राजौरीतल्या लोकांचं काही खरं नव्हतं. ८ एप्रिलला उखळी तोफांच्या माऱ्यात त्यांची दोन माणसं गेली, पाच जखमी झाली, त्यात राणे स्वतः. तरी काम थांबलं नाही. सुरुंग काढायचा तर पोटावर पडून, संगिनीचं टोक तिरपं ठेवून माती टोचत जायचं. सरळ वरून टोचलं तर दाब थेट फ्यूजवर. टोक कशाला तरी अडलं की बाजूने माती काढायची, खाली दुसरा सापळा आहे का ते बोटांनी चाचपायचं. हे सगळं वरून गोळ्या येत असताना.

मग राणे एका रणगाड्याच्या खालीच शिरले. दोन पट्ट्यांच्या मधे, पोटावर. वर जमिनीपासून जेमतेम हातभर उंचीवर ते लोखंड. दोरीने वर चालकाशी जोडलेले. दोरीचे झटके म्हणजे 'थांब', 'चल'. रणगाडा इंच-इंच सरकतोय, खाली माणूस त्याच्याबरोबर सरकतोय आणि पुढची वाट मोकळी करतोय. चालकाने एक झटका चुकीचा समजला असता तर? दोरी कुठल्या चाकात गुंतली असती तर? त्या दोघांनी एकमेकांवर किती भरवसा टाकला असेल. वरचा खालच्याला बघू शकत नाही, खालचा वरच्याला. मधे फक्त दोरी.

हे सांगताना टाळी पडत नाही, बरोबर? कारण इथे कुणी छाती काढलेली नाही. छाती जमिनीला चिकटलेली आहे.

बसंतरच्या लढाईत १९७१ च्या डिसेंबरमध्ये १७ पूना हॉर्सचे एकवीस वर्षांचे अरुण खेत्रपाल पेटलेला सेंच्युरियन सोडायला नाही म्हणाले, कारण तोफ अजून चालू होती. त्या वाक्याचं भांडवल सगळे करतात. पण आदल्या रात्री पुढे सुरुंगपेरल्या जमिनीतून वाट काढणारे इंजिनिअर होते, वाट पूर्ण मोकळी व्हायच्या आतच पूना हॉर्स त्यातून पुढे निघाली, हे किती जण सांगतात? आणि 'तोफ अजून चालू होती' म्हणजे काय? टरेट (तोफेचा घुमट) फिरतोय, लोडर गोळा भरतोय, गनर नेम धरतोय. एकट्याने रणगाडा लढत नाही.

आपली पोरं पहाटे अंधारात भरतीसाठी पळतात. त्यांना असली भाषणं ऐकून जोर येतो, हेही खरंय, नाही कशाला म्हणू. पण त्यांना आधीच सांगा ना की तिथे गेल्यावर छाती झाकायला शिकवतात. खड्डा खणायला, जागा बदलायला, एकाच मुठीचा सराव पाचशे वेळा करायला शिकवतात. जो सरळ धावतो त्याला उस्ताद शिव्या घालतो, कारण त्याच्यामुळे शेजारचा मरतो.

सकाळी लिहायला बसलो तेव्हा त्या वक्त्यांना नावानिशी झोडपायचं होतं. आता तेवढा राग राहिला नाही. माणूस बिचारा मनापासून बोलत असेल. पुढच्या महिन्यात पेठेत पुन्हा त्यांचंच व्याख्यान आहे म्हणे. कुणी जाणार असाल तर मागच्या रांगेतून एवढंच विचारा: हमीदांनी जागा बदलली तेव्हा जीप चालवत कोण होतं?