१,१९५ मिलिमीटर

आज तिसरा दिवस, कंबर धरलीये ती धरलीच आहे. घरी सांगितलंय की स्टेपनी उचलताना लचक भरली. स्टेपनी उचलणं कसं भारदस्त कारण आहे, त्यावर कोणी पुढे काही विचारत नाही. खरं काय झालं ते सांगायची सोय नाही. खरं असं झालं की जी नवी इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कार अजून विकायलाच आलेली नाही, आणि आली तरी माझ्या पुढच्या चार पिढ्या मिळून तिचा साइड मिररसुद्धा घेऊ शकणार नाहीत, त्या गाडीतून मला उतरता आलं नाही.

माझी स्वतःची गाडी गॅरेजला होती. माझी म्हणजे तीच, जिच्या डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा इतके महिने चालू आहे की आता तो विझला तर मला भीती वाटेल. "अर्धा तास बसा" म्हणाले, बसलो. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. धड असलेल्या खुर्चीवर एक काका आधीच बसलेले, तडकलेली माझ्या वाट्याला. वेळ जाईना म्हणून मित्राला फोन लावला आणि नेहमीचा विषय सुरू झाला आणि नेहमीसारखा माझा आवाज चढला. "अरे आवाजच गेला तर राहिलं काय? नुसतं नाव घेऊन बसायचं का?" असं काहीतरी मी बोललो म्हणे.

फोन ठेवला तर काका माझ्याकडे फार मायेने बघत होते.

"कोणाचा आवाज गेला हो? घशाचं काही?"

"नाही काका, गाडीचा."

"मग इथेच दाखवा की. पोरगा चांगला आहे."

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. शहाणा माणूस "हो दाखवतो" म्हणून मोबाईलमध्ये डोकं घालतो. पण आमच्यासारख्या गाडीवेड्यांना एक रोग असतो, समोरच्याने चुकून अर्धा प्रश्न विचारला की आम्ही त्याला सगळा इतिहास ऐकवतो.

तर इतिहास असा, आणि तुम्हीही आता ऐकाच. लेक्ससने एलएफए नावाची गाडी काढली होती. २०१० च्या डिसेंबरात बनवायला सुरुवात केली, २०१२ च्या डिसेंबरात बंद, मोजून ५०० गाड्या. ४.८ लिटरचं व्ही१० इंजिन, म्हणजे दहा सिलिंडरचं, यामाहाबरोबर मिळून केलेलं. हे इंजिन आयडलवरून, म्हणजे उभ्या गाडीत नुसतं चालू असताना, मिनिटाला ९,००० फेऱ्यांवर (आरपीएम) ०.६ सेकंदात पोचायचं. काट्याच्या मीटरला तो वेग झेपेना म्हणून शेवटी स्क्रीनवरचा मीटर बसवावा लागला. आधी बॉडी ॲल्युमिनियमची करणार होते, मग मध्येच ठरवलं की नको, कार्बन फायबरची करू, आणि पुन्हा नव्याने मांडलं सगळं. असली माणसं. आणि त्या इंजिनाचा आवाज! मी तो आवाज प्रत्यक्षात एकदाही ऐकलेला नाही, सगळा हेडफोनवर, पण अंगावर काटा खरा येतो.

मग पुढच्या एलएफएची आम्ही तेरा वर्षं वाट बघितली. आणि डिसेंबर २०२५ मध्ये टोयोटाने, म्हणजे लेक्ससच्या मालक कंपनीने, रेसची गाडी सोडली तर एकदम दोन गाड्यांवरचा पडदा काढला. एक जीआर जीटी, तिच्यात चार लिटरचं ट्विन टर्बो व्ही८, जोडीला हायब्रिड, वजन १,७५० किलोच्या आत ठेवणार म्हणतात. आणि दुसरी एलएफए कॉन्सेप्ट. ही बॅटरीवरची. ॲल्युमिनियमची चौकट दोघींची एकच. म्हणजे आवाज एका भावाला दिला आणि आजोबांचं नाव दुसऱ्याला. अशी वाटणी कुठल्या घरात होते सांगा.

हे सगळं मी काकांना सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, मध्ये दोनदा "अच्छा" म्हणाले, आणि मग म्हणाले, "कसा होता आवाज?"

मी इकडेतिकडे बघितलं. पान्यांचा आवाज चालू होता, कोणाचं लक्ष नव्हतं. मी खालच्या पट्टीत सुरू केलं. पण व्ही१० खालच्या पट्टीत थांबत नाही ना. ते चढतं. पाच हजारापर्यंत मी बरा होतो, सात हजाराला माझा आवाज फाटला आणि तिथून नऊ हजारापर्यंत जे काही निघालं त्याने गाडीखालचा पोरगा फळीसकट सरकत बाहेर आला आणि म्हणाला, "साहेब, बेल्ट कुठला गेला?"

काका मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "समजलं. मी चाळीस वर्षं सुतारकाम केलंय. रंध्याला धार असली ना, की बघावं लागत नाही. आवाजावरून कळतं लाकूड कसं सुटतंय ते."

मला गहिवरून आलं हो. घरात, ऑफिसात, कोणालाही आजवर जे पटवता आलं नव्हतं ते या माणसाने एका वाक्यात सांगितलं होतं. मी म्हणलं, अगदी, अगदी हेच काका! तर ते पुढे म्हणाले, "आता मुलाने मशीन घेतलंय. तो आवाज मला सोसत नाही. बिनआवाजाचं मशीन निघालं तर आधी मी घेईन." गहिवर जागच्या जागी आटला.

मी हार मानली नाही. म्हणलं, पुढचा धोका तर अजून आहे, आता हे स्पीकरमधून खोटा आवाज सोडतील. २०११ च्या बीएमडब्ल्यू एम५ मध्ये तर खरं व्ही८ इंजिन पुढे बसलेलं असताना त्याचा आवाज आत स्पीकरमधून ऐकवायचे.

"म्हणजे प्लेबॅक!" काकांना हे फारच आवडलं. "हिरो पण तोच आणि गायक पण तोच, तरी प्लेबॅक!"

आणि गंमत म्हणजे इलेक्ट्रिक गाडी अगदी गप्पही राहू शकत नाही, युरोपात २०१९ पासून नव्या मॉडेलना २० किलोमीटरच्या वेगापर्यंत मुद्दाम आवाज करायचा नियम आहे, पायी चालणाऱ्याला कळावं म्हणून. काका म्हणाले, "बघा, तुमची तक्रार सरकारने आधीच ऐकलीये." आता या माणसाला काय सांगू की आम्ही तेरा वर्षं थांबलो ते पार्किंगमध्ये गुणगुणणाऱ्या गाडीसाठी नव्हे.

"आणि क्लच?" त्यांनी विचारलं. "जुनीला होता?"

"...नव्हता." जुन्या एलएफएला क्लचचं पेडल नव्हतंच, सहा गिअरचा ऑटोमेटेड बॉक्स होता. गाडीवेड्याला क्लच दाबून गिअर स्वतः टाकायचे असतात, म्हणून ही गोष्ट आम्ही आपापसात सहसा काढत नाही.

"मग तिच्या वेळी पण रडला असाल."

रडलो होतो. इथे मला जरा राग आला, आणि अजून आहे, कारण लोकांना वाटतं आम्ही नुसते रडके. हो, १९९७ मध्ये पोर्शने ९११ चं हवेवर थंड होणारं इंजिन सोडून पाण्यावर थंड होणारं घातलं तेव्हा लोकांनी सुतक पाळलं होतं आणि ९११ काही मेली नाही, मान्य. पण प्रत्येक वेळी आमचंच चुकतं असं नाही ना. मर्सिडीजच्या सी६३ मधून २०२२ मध्ये चार लिटरचं व्ही८ काढून दोन लिटरचं चार सिलिंडरचं घातलं, वर मोटर आणि बॅटरी. कागदावर ताकद ६८० पीएस (हॉर्सपॉवरच म्हणा), आधीपेक्षा कितीतरी जास्त, आणि वजन दोन टनांच्या पुढे. २०२४ ची एम५ घ्या, २,४०० किलोच्या वर. हत्तीला पळता येतं हे मला माहीत आहे, पण म्हणून त्याला कोणी हरीण म्हणत नाही. आणि तक्रार केली की आकडे तोंडावर फेकतात, बघा शून्य ते शंभर किती सेकंद. अरे, आम्ही सेकंद मागितले होते का? आम्ही आवाज, हलकं अंग आणि हाताला कळणारं स्टिअरिंग मागितलं होतं, तेवढं सोडून सगळं मिळतंय.

वर तो टीझरचा छळ वेगळा. आधी अंधारात नुसता दिवा दाखवायचा. दोन महिन्यांनी त्याच अंधारात दुसरा दिवा. मग ताडपत्रीखालची गाडी. आम्ही ते फोटो मोबाईलवर उजेड वाढवून वाढवून बघणार, दरवाजाच्या फटीवरून एक्झॉस्ट ओळखणार आणि त्यावरून दोन माणसांची मैत्री तुटणार. टेस्लाने २०१७ च्या नोव्हेंबरात नवी रोडस्टर दाखवली, २०२० ला देतो म्हणाले, आगाऊ पैसे पण घेतले. २०२० गेलं, त्याच्या मागून बाकीची वर्षंही रांगेने गेली.

असो. कमरेकडे येतो.

काकांना सगळ्यात जास्त रस निघाला तो उंचीत. मी बोलता बोलता म्हणून गेलो की ही नवी एलएफए १,१९५ मिलिमीटर उंच आहे. ते ताबडतोब उठले, खिशातून टेप काढला (चाळीस वर्षांची सवय, टेप खिशातच असतो म्हणाले) आणि भिंतीवर बोटाने खूण केली. खूण माझ्या पोटाच्या जरा वर आली.

"सत्तेचाळीस इंच. टेबल असतं तीस इंच. म्हणजे टेबलावर सतरा इंच जागा सोडून छप्पर." ते त्या खुणेकडे बघत राहिले. "खुर्चीची बैठक अठरा इंच करतात, गुडघ्याला सोयीचं म्हणून. हिची बैठक किती?"

म्हणलं, नक्की माहीत नाही, पण असल्या गाड्यांत जवळजवळ रस्त्यावरच बसतात.

"मग माणूस उतरतो कसा?"

मी म्हणलं, सोपं असतं हो, टेक्निक आहे. आणि हे म्हणताना मला स्वतःला थांबवता आलं नाही, कारण पोरग्याची ती गाडीखाली सरकायची चाकांची फळी समोर रिकामी पडली होती आणि तिची उंची अगदी हवी तेवढी होती. बसलो. पाय पुढे लांब केले, पाठ मागे टेकल्यासारखी केली, हातात स्टिअरिंग धरल्यासारखं केलं. काकांनी दोन स्टूल ओढून माझ्या बाजूला दरवाजा तयार केला आणि त्यांच्यावर आडवा टेप धरला, सत्तेचाळीस इंचावर, छप्पर म्हणून. "हं, उतरा."

आधी डावा पाय बाहेर. तो गेला. मग जोर देऊन वर यायचं. जोर दिला तशी फळी मागे गेली, मी पुढे राहिलो, आणि मधल्या मध्ये कमरेत कट्ट असा आवाज झाला. तो आवाज मात्र कुठल्याही स्पीकरमधून आलेला नव्हता.

मला वर येता येईना, खाली बसता येईना. काकांनी आधी टेप गुंडाळला, मग माझ्याकडे लक्ष दिलं. पोरगा आला, मला चहूबाजूंनी बघितलं, अगदी गाडी बघतात तसं, आणि कमालीच्या गंभीरपणे म्हणाला, "जॅक आणू?" शेवटी दोघांनी दोन काखांत हात घालून मला उभं केलं. इतका वेळ मला अहो-जाहो करणारे काका तिथून पुढे अरे-तुरेवर आले ते आलेच. "घेऊ नकोस रे ही गाडी," माझी पाठ चोळत म्हणाले. "तुझं वय नाही हे."

हे मला लागलं. कमरेपेक्षा जास्त लागलं. घेऊ नकोस म्हणजे काय, मी घेणारच नव्हतो! पण न घेण्याचा निर्णय पैशांनी केलेला असणं वेगळं आणि एका सुताराने टेप लावून केलेला असणं वेगळं.

माझी गाडी तयार झाली. पिवळा दिवा अजून आहे, "सेन्सरचा आहे, दुर्लक्ष करा" म्हणाले. तिची सीट चांगली उंच आहे, वाकलेल्या कमरेने चढलो आणि तिने मला सांभाळून घरी आणलं. त्या दिवशी मी तिच्या आवाजाबद्दल काही बोललो नाही.

निघताना काकांनी नंबर घेतला होता, गाडीचे फोटो पाठव म्हणून. पाठवले. काल दिवसभर काही नाही. आज सकाळी सहाला मेसेज आला: "फोटो पाहिले. पॉलिश उत्तम. डिकी केवढी आहे ते कळवणे."

अर्धा तास झाला, पाठीखाली उशी घेऊन शोधतोय. कुठेच सापडत नाहीये.