पाचारण, दर रविवारी सात ते आठ

तुम्ही वसईतल्या एखाद्या धर्मग्रामात (म्हणजे एका चर्चच्या हद्दीत) राहत असाल आणि फादर व्हायचं राहून गेलं असेल (लग्न झालं, घरासाठी कर्ज काढलं, केस गेले), तर खचू नका. पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, प्रापंचिकांनाही असतं. हे मी पदरचं सांगत नाही. पवित्र होण्याचं बोलावणं सगळ्यांनाच आहे, असं कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं २१ नोव्हेंबर १९६४ रोजीच जाहीर केलं. घोळ आहे तो त्याच दस्तऐवजातल्या आधीच्या एका कलमात. प्रापंचिकानं ते संसारात आणि नोकरीधंद्यात राहून, पिठातल्या खमिरासारखं आतून करायचं म्हणे. आता खमीर दिसत नाही, त्याला कुणी शाल घालत नाही, त्याचा फोटोही निघत नाही. तेव्हा ते कलम तेवढं सोडून द्या आणि वेदीकडे सरका.

आधी माइक मिळवा. रविवारच्या मिस्सेतलं (चर्चमधल्या उपासनेतलं) दुसरं वाचन मिळालं तर उत्तम, ‘थेस्सलनीकाकरांस’ एका दमात म्हणता आलं तर फारच उत्तम. मग गळ्यात बिल्ला येईल असं एखादं पद बघा. सणाच्या मिरवणुकीत दोर धरून लोकांना मागे लोटण्याचा मान कमी लेखू नका, तिथून पुष्कळांची सुरुवात झाली आहे. बैठका शक्यतो रात्री साडेआठला ठेवा, म्हणजे घरी भांडी घासायची वेळ टळते. (मी तीन वर्षं सणाच्या समितीत होतो. आमच्या मोरीतला नळ तीनही वर्षं गळत होता.) प्रभू भांड्याकुंड्यांतही वावरतो, असं अविलाची संत तेरेजा सांगून गेली आहे. वावरू दे की. तिथं दोघांनी गर्दी कशाला करायची?

कुणी फार वाचलेला माणूस फ्रान्सिस द सेल्स या बिशपचं नाव काढील. त्यांनी १६०९ मध्येच लिहून ठेवलंय की कारागीर साधूसारखा दिवसभर चर्चमध्ये बसून राहिला किंवा संसारी माणसानं निष्कांचन कपुचिन साधूंसारखं काही जोडायचंच नाही असं ठरवलं, तर त्या भक्तीचं हसू होईल. त्याला सांगा, आम्ही दिवसभर कुठं बसतो? आणि न जोडण्याचा तर प्रश्नच येत नाही.

सोमवारी पाचारणाला सुट्टी नसते, हे मात्र खरं. म्हणून विरार लोकलमध्ये जपमाळ काढा. एका हातात मणी, दुसरा हात वरच्या कडीला आणि कोपर भाईंदरला चढू पाहणाऱ्याच्या बरगडीत. सोमवारी आनंदाची रहस्यं असतात, म्हणजे जपताना आठवायचे येशूच्या जन्म-बालपणाचे पाच प्रसंग. बोरिवली येईतो पाचही आटोपतात, आणि भाईंदरचा माणूस तोवर पुढच्या गाडीची वाट पाहत असतो.

ऑफिसात धर्म आणू नये. तिथं ठेकेदाराची फाइल तिच्या गतीनं सरकते, ती गती वाढवायचे काही रिवाज आहेत आणि ते तुम्ही सुरू केलेले नाहीत. उपवासकाळात फार टोचलं तर मटण सोडा. पापनिवेदनाला जाल तेव्हा मिस्सा चुकल्याचं आधी सांगा, त्यानं फादर खूश होतात. बिनपावतीचे व्यवहार ‘दोनचार वेळा खोटं बोललो’ यात सहज बसतात, त्यांचा वेगळा पाढा वाचायची गरज नाही.

वाडीकडेही लक्ष असू द्या. वाडवडिलांनी राखलेलं बावखल, म्हणजे वाडीतलं तळं, नुसतं पाणी धरून बसलेलं असतं. ते पावसाचं पाणी जमिनीत मुरवतं आणि आजूबाजूच्या विहिरी गोड्या ठेवतं, एवढाच त्याचा उपयोग. रात्री चार डंपर भरणी टाका, वर सात मजले चढवा आणि इमारतीला एखाद्या संताचं नाव द्या. विहिरी खारट झाल्या की टँकर येतोच. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये पृथ्वीच्या जतनासाठी ‘लावदातो सी’ हे परिपत्रक काढलं. त्याचं पोस्टर लावायला तळमजल्याची भिंत सोयीची पडते. बांधावरून ज्या भावाशी बोलणं बंद आहे तो मिस्सेत नेमका मागच्या बाकावर आला, तर शांतीचं चिन्ह देताना पुढच्या बाकाकडे वळा. बाकं दोन्हीकडे असतात ती उगाच नाही.

संत देवसहायम यांचं लॉकेट अवश्य घाला. भारतातले ते पहिले प्रापंचिक संत. लग्न झालेले, त्रावणकोरच्या दरबारात नोकरीला असलेले, म्हणजे आपल्यातलेच की. जातपात न मानता सगळ्यांत मिसळायचे. १७५२ मध्ये त्यांना गोळ्या घातल्या आणि २०२२ मध्ये संतपद मिळालं. ‘ख्रिस्तात सगळे एक’ यावर त्यांचा दाखला देऊन फार सुंदर बोलता येतं. मुलीला स्थळ आलं की मात्र लॉकेट शर्टाच्या आत सरकवून आधी विचारून घ्या, माणसं सामवेदी की वाडवळ की कोळी?

आणखी एक पत्र आहे, २०१६ चं, पोप फ्रान्सिस यांचंच. फादरांच्या कामात लुडबुड करणाऱ्यालाच आपण झटणारा प्रापंचिक समजतो आणि रोजच्या झगड्यात श्रद्धा टिकवणाऱ्याला विसरतो, अशा अर्थाची तक्रार त्यात आहे. पत्र लॅटिन अमेरिकेबद्दल होतं, त्यामुळे वसईला लागू नाही.

आमच्या आळीत एक मावशी आहे. पहाटेच्या गाडीनं भाजीची टोपली घेऊन दादरला जाते. तोलून झाल्यावर मूठभर वर टाकते, आणि परतताना शेजारच्या अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीची औषधं आणते. संध्याकाळी जपमाळेच्या दुसऱ्या रहस्यालाच तिला झोप लागते. तिला पॅरिश कौन्सिलवर घ्यावं, असं कुणी सुचवलंच तर वेळीच हाणून पाडा. साडेआठच्या बैठकीला ती जागी कुठून राहणार? आणि बिल्ला घातलाच तर टोपली उचलताना तुटायचा.