गद्दाफीच्या लिबियात सगळं फुकट होतं, हे खरं नाही

एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. उत्तर आफ्रिकेतल्या लिबियाचा हुकूमशहा मुअम्मर गद्दाफी, त्याच्या राज्यात वीज फुकट, प्रत्येकाला हक्काचं घर, लग्न केलं की सरकारकडून ५०,००० डॉलर, उपचार मोफत आणि जनता सुखी. तो सोन्याचं चलन काढणार होता, म्हणून अमेरिकेने त्याला संपवलं. परवा माझ्या भाच्याने तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘आपल्यालाही असाच माणूस पाहिजे.’ पोरगा यंदा पहिल्यांदा मत देणार आहे. त्यामुळे मला गप्प बसवलं नाही.

आधी घरांचं बघू. १९७८ च्या ४ क्रमांकाच्या कायद्याने भाड्याने दिलेली घरं मालकांकडून काढून तिथे राहणाऱ्यांच्या नावे केली. त्यातून उभे राहिलेले मालकीचे वाद पुढे कित्येक वर्षं मिटले नाहीत. बरं, घरं सगळ्यांना मिळालीच होती, तर जानेवारी २०११ मध्ये बेनगाझी, दर्ना, बनी वलीद इथले लोक सरकारच्या अर्धवट बांधलेल्या इमारतींत का घुसले? रखडलेल्या घरांची वाट बघून ते कंटाळले होते. लग्नाच्या डॉलरांचं म्हणाल, तर १९८१ च्या १५ क्रमांकाच्या कायद्याने सरकारी पगार गोठवले होते आणि देशातले बहुतेक नोकरदार सरकारीच होते. जे सरकार पगार वाढवत नव्हतं, ते प्रत्येक लग्नाला ५०,००० डॉलर कुठून देणार? वीज स्वस्त होती, फुकट नव्हती.

काही गोष्टी मात्र मान्य करायला हव्यात. शिक्षण खरंच पसरलं. २०१० च्या संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास अहवालात लिबिया आफ्रिकेत पहिला होता. वाळवंटाखालचं पाणी मोठमोठ्या नळांतून किनाऱ्यावरच्या शहरांना देणारा प्रकल्पही खरा आहे. पण हा देश महाराष्ट्राच्या साडेपाचपटीहून मोठा, लोकसंख्या मुंबईच्या निम्मी आणि जमिनीखाली आफ्रिकेतला सर्वांत मोठा तेलसाठा. तेल सापडलं १९५९ मध्ये, राजा इद्रिसच्या काळात. गद्दाफीने सत्ता बळकावली ती त्यानंतर दहा वर्षांनी.

मोफत उपचारांचं वास्तव बेनगाझीच्या मुलांच्या रुग्णालयात दिसलं. तिथे ४०० हून जास्त मुलांना एचआयव्हीची लागण झाली. सरकारने खापर फोडलं पाच बल्गेरियन परिचारिका आणि एका पॅलेस्टिनी डॉक्टरवर, आणि त्यांना मृत्युदंडाची शिक्षा झाली. लागण या परिचारिका येण्याआधीच सुरू झाली होती आणि कारण अस्वच्छता होतं, असं एचआयव्ही विषाणूच्या शोधातले शास्त्रज्ञ ल्यूक माँटान्ये यांनी सांगितलं, तरी शिक्षा कायम राहिली. सुटका झाली २००७ मध्ये.

पण मला सर्वांत जास्त चीड आली ती ‘जनता सुखी होती’ या वाक्याची.

त्रिपोलीत अबू सलीम नावाचा तुरुंग आहे. जून १९९६ मध्ये तिथल्या कैद्यांनी बंड केलं. मागण्या होत्या नातेवाइकांच्या भेटी, औषधोपचार आणि रीतसर खटला. २९ जूनला त्यांना अंगणांत कोंडून वरून गोळ्या घातल्या. ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेने तुरुंगाच्या स्वयंपाकघरात काम केलेल्या एका माजी कैद्याची साक्ष नोंदवली आहे. आधी किती जेवणं लागत आणि नंतर किती, या फरकावरून त्याने मृतांचा आकडा काढला : सुमारे १,२७०. सरकारने कित्येक वर्षं काहीही कबूल केलं नाही. आया आपल्या मुलांसाठी कपडे आणि खाण्याची पुडकी घेऊन तुरुंगाच्या दारात येत राहिल्या, पहारेकरी ती ठेवून घेत राहिले. मुलगा कधीच मेलाय, हे त्या माउल्यांना कोणी सांगितलं नाही. पुढे हीच कुटुंबं बेनगाझीत दर शनिवारी मुलांचे फोटो घेऊन उभी राहू लागली. त्यांचा वकील फतही तरबिल. त्याचा स्वतःचा भाऊही त्या कत्तलीत गेला होता. १५ फेब्रुवारी २०११ ला त्याला अटक झाली आणि ही कुटुंबं पोलीस मुख्यालयासमोर जमली. उठाव पेटला तो तिथून. राजकीय पक्ष काढणं गुन्हा असलेल्या देशात लोकांनी दुसरीकडे कुठे जायचं होतं?

सोन्याच्या चलनाच्या गोष्टीला मुख्य आधार दिला जातो तो अमेरिकेच्या तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांना आलेल्या एका ई-मेलचा, आणि त्यातही गद्दाफीला हटवण्याचा हेतू फ्रान्सचा सांगितला आहे, अमेरिकेचा नाही. नाटो या पाश्चात्त्य लष्करी आघाडीने २०११ मध्ये लिबियावर बॉम्ब टाकले, ती चूक होती, हे मात्र खरं. ब्रिटिश संसदेच्या परराष्ट्र समितीनेच २०१६ मध्ये म्हटलं की नागरिकांवरचा धोका फुगवून सांगितला गेला आणि गद्दाफीनंतर काय, याचा विचारच झाला नाही. या कारवाईला परवानगी देणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेतल्या मतदानात भारत तटस्थ राहिला, ते मला योग्यच वाटतं. त्यानंतर लिबियाची जी दुर्दशा झाली, ती कोणी नाकारू नये. पण पाश्चात्त्यांचे बॉम्ब पडायला लागले १९ मार्चला. बेनगाझीची कुटुंबं त्याच्या महिनाभर आधीच रस्त्यावर उतरली होती, आणि भाच्याने पाठवलेल्या मेसेजमध्ये त्यांच्याबद्दल एक ओळही नाही.