पाणी कुठं गेलं?

तासगावहून मेहुण्याचा फोन आला. "दाजी, सांगलीतनं जीए घेऊन या. वीस पीपीएमनं मारायचंय, दोनशे लिटर पाणी हाय." ठेवला फोन. जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड, द्राक्षाच्या घडांवर फवारायचं वाढीचं औषध. किती ग्रॅम आणायचं, ते दाजींनी बघायचं.

छाटणीनंतरचे दिवस, त्यामुळे औषधाच्या दुकानात ही गर्दी. मी काउंटरच्या कडेला जुन्या पावतीच्या पाठीवर हिशोब मांडला. एक पीपीएम म्हणजे लिटरभर पाण्यात १ मिलिग्रॅम. म्हणून २० मिलिग्रॅम प्रति लिटर गुणिले २०० लिटर. लिटर वर एक, खाली एक. दोन्हींवर काट मारली. उरले ४००० मिलिग्रॅम. त्यांना '१ ग्रॅम भागिले १००० मिलिग्रॅम'नं गुणलं, मिलिग्रॅमही उडाले. ४ ग्रॅम. इथं विषय संपायला हवा होता.

पण शेजारी बाकड्यावर आण्णा होते. सगळं दुकान त्यांना आण्णाच म्हणत होतं. ते काही विकत घेत नव्हते, विकत तर नव्हतेच. मालकानं मागवलेला चहा पीत होते.

"काय खोडालाय मास्तर?"

मी मास्तर नाही. पण कागद-पेन दिसलं की आमच्याकडे माणसाला परस्पर बढती मिळते. म्हटलं, "लिटर खोडतोय. वर-खाली आले की कटतात."

"लिटर कटलं?" आण्णांनी कप खाली ठेवला. "मग पाणी कुठं गेलं?"

"पाणी आहे हो. फक्त लिटर हे एकक गेलं."

"दोनशे लिटर हुतं न्हवं? त्यातलं लिटर गेलं. मग फवारायचं काय, नुसतं दोनशे?"

दुकान हसलं. मालकही हसला, ज्याला माझ्याकडून पैसे घ्यायचे होते. मी सांगितलं, पाणी टाकीत आहे, कागदावर तेवढं नाही.

"मग आमच्या कालव्याचं उलटं हाय," आण्णा म्हणाले. "तिथं कागदावर हाय, पाटात न्हाय."

यावर तर टाळ्याच पडल्या. पुढे त्यांनी स्वतःची रीत सांगितली: कायबी असू दे, शंभरानं भागायचं. रुपयात पैसे शंभर, मीटरात सेंटीमीटर शंभर, मग ग्रॅमात मिलिग्रॅम काय वेगळं असणार? म्हणजे चाळीस ग्रॅम! दहापट जीए गेलं तर घडाचे देठ जाड आणि कडक होतात, हे त्या दुकानातल्या प्रत्येकाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी एकानं मान डोलावली.

मला राहवलं नाही. म्हटलं, आण्णा, १९९९ साली अमेरिकेचं मंगळावर पाठवलेलं यान असंच गेलं. एकानं आकडे पाउंड-सेकंदात दिले, दुसऱ्यानं ते न्यूटन-सेकंद धरले.

"त्येंच्यातबी तुमच्यागत कोणतरी खोडत बसला असंल."

कुणी खोडत बसला असता तर यान वाचलं असतं! पाउंड आणि न्यूटन एकमेकांना कटत नाहीत, हे कागदावरच ओरडून दिसलं असतं. शाळेत आम्हाला किलो-हेक्टो-डेकाची शिडी पाठ करायला लावली. चढताना भागायचं की गुणायचं, यावरून वर्गात मारामाऱ्या व्हायच्या. एककं आकड्याला चिकटवून लिहा, नको ती कटेपर्यंत गुणा, एवढं कुणी सांगितलं नाही.

तेवढ्यात दुकानातल्या पोरानं मोबाईलवर बोटं फिरवली. "चार ग्रॅम."

"हां! चार!" सगळं दुकान म्हणालं. आण्णा माझ्याकडे वळले. "बघा मास्तर. उगंच पाणी कापत बसला."

गप्प बसलो. पुडीवर शुद्धतेची टक्केवारी असते, तो विषय काढायची तर छातीच झाली नाही.

आणि खरं सांगू, आण्णांवर तरी किती चिडायचं? सातबारावर जमीन हेक्टर-आरमध्ये. भाऊबंदकीत गुंठ्यात. फवारणीचं बोलणं एकरात. आणि कीटकनाशकाच्या बाटलीवर मात्रा छापलेली हेक्टरी, तीही मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. हेक्टरी ५०० ग्रॅम म्हणजे एकरी साधारण २०२, हा भागाकार बांधावर उभ्या माणसानं करायचा. पाठीवरचा पंप १६ लिटरचा, तो हिशोब पुन्हा निराळा. चुकलं की माल त्याचा नाकारणार, आणि वर 'शेतकरी अंदाजपंचे औषध मारतात' म्हणून भाषणंही त्यालाच. अक्षरं मोठी करायला काय खर्च येतो?

दुकानात १ ग्रॅमच्या पुड्या संपल्या होत्या, ५ ग्रॅमचीच मिळाली. तीतून चार ग्रॅम मोजायला काय सराफ कट्ट्यावर जायचं? मेहुण्याला फोन लावला.

"पाचची? मग अडीचशे लिटर पाणी धरतो," तो क्षणात म्हणाला.

"कसं काढलंस?"

"काढायचं काय त्यात? दरवर्षीचंच हाय की."

मग पहिल्याच फोनला 'पाचची पुडी आणा' म्हणायला जीभ झिजत होती का याची?