साम्यवादाची भीती हा बहाणा नव्हता

व्हिएतनाम युद्धाविषयी एक मजकूर समाजमाध्यमांवर वरचेवर फिरत असतो. अमेरिका तिथे तेलासाठी गेली, टोंकिनच्या आखातात उत्तर व्हिएतनामने आपल्या युद्धनौकांवर हल्ला केल्याचा बनाव रचून तिने युद्ध सुरू केले आणि साम्यवाद रोखण्याची भाषा हा निव्वळ बहाणा होता, असे त्यात म्हटलेले असते.

तेलाचा मुद्दा तारखांपुढेच टिकत नाही. दक्षिण व्हिएतनामने समुद्रातील तेलशोधाचे परवाने परदेशी कंपन्यांना दिले ते १९७३ साली, म्हणजे अमेरिकी सैन्याने काढता पाय घेतला त्याच वर्षी.

टोंकिनबाबतचा मुद्दा अर्धा खरा आहे. २ ऑगस्ट १९६४ चा हल्ला प्रत्यक्षात झाला होता. ४ ऑगस्टचा मात्र झालाच नव्हता, आणि तरीही त्याच्या आधारे अध्यक्ष जॉन्सन यांनी युद्धाचे अधिकार देणारा ठराव प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर करून घेतला. पण आपली वसाहत टिकवण्यासाठी फ्रेंच तिथे लढत असलेल्या लढाईला अमेरिका १९५० पासूनच पैसा पुरवत होती आणि १९६३ अखेर तिचे सुमारे १६,००० लष्करी सल्लागार तिथे होते. ठिणगी खोटी असेल. दारूगोळा आधीच रचलेला होता.

राहिला बहाण्याचा आरोप. एक देश पडला की शेजारचे डॉमिनोच्या सोंगट्यांसारखे कोसळतील, असे तेव्हाचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी एप्रिल १९५४ मध्ये जाहीरपणे सांगितले. जून १९६४ मध्ये खुद्द सीआयएच्या विश्लेषकांनी, कंबोडिया वगळता कोणताही देश त्यामुळे झटपट साम्यवादी होईल असे दिसत नाही, असा अभिप्राय दिला. तरीही जॉन्सन मागे हटले नाहीत, कारण १९४९ मध्ये चीन साम्यवाद्यांच्या हाती गेल्यावर ‘चीन गमावल्याचा’ ठपका तेव्हाचे अध्यक्ष ट्रुमन यांच्यावर कसा बसला, हे त्यांनी सिनेटमध्ये बसून पाहिले होते. भीती खरीच होती. फक्त ती व्हिएतनामइतकीच वॉशिंग्टनमधल्या विरोधकांचीही होती.

मार्च १९६५ मध्ये, अमेरिकी मरीन तुकड्या दक्षिण व्हिएतनाममधील दा नांगला उतरल्यानंतर थोड्याच दिवसांनी, संरक्षण खात्यातील जॉन मॅकनॉटन यांनी एका टिपणात युद्धाच्या हेतूंची चक्क टक्केवारी मांडली: ७० टक्के अमेरिकेचा मानहानिकारक पराभव टाळण्यासाठी, २० टक्के हा प्रदेश चीनच्या हाती जाऊ नये म्हणून आणि १० टक्के तिथल्या जनतेला अधिक चांगले, मुक्त जीवन मिळावे म्हणून. बहाणा शोधायचाच असेल, तर तो या शेवटच्या दहा टक्क्यांत शोधावा. भाषणांत सर्वाधिक उच्चार त्यांचाच होत असे.