चार एकर

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बहिणीचा पुण्याहून फोन आला. तिकडे पारा चाळिशीला टेकायला आलेला, आणि माझ्या भाचीनं तपकिरी लोकरी कोट शिवून घेतला होता. रात्री खोलीतली ट्यूब बंद करून मेणबत्ती लावायची, वहीत ग्रीक मुळाक्षरं गिरवायची, आणि एकच जाडजूड इंग्रजी कादंबरी तिसऱ्यांदा वाचायची, असं तिचं चाललं होतं. बहीण म्हणाली, "त्यात कॉलेजातली पोरं आपल्याच मित्राला मारतात म्हणे. आणि ही म्हणते, मला अस्संच कॉलेज हवंय. तू तिथं राहतेस, तूच बोल तिच्याशी."

पुस्तकाचं नाव ऐकलं आणि माझ्या पोटात काहीतरी हललं. डोना टार्टची 'द सीक्रेट हिस्टरी'. 1992 साली ती आली तेव्हा लेखिका अठ्ठावीस वर्षांची होती. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या हॅम्पडेन नावाच्या काल्पनिक कॉलेजात ती घडते, पण लेखिका स्वतः तिथल्या बेनिंग्टन कॉलेजात शिकलेली, आणि हॅम्पडेन म्हणजे बेनिंग्टनच, हे इकडे सगळ्यांना ठाऊक आहे. ग्रीक शिकणारी पाच श्रीमंत मुलं, त्यांना जगापासून बाजूला काढून शिकवणारे ज्युलियन नावाचे एक प्राध्यापक, आणि त्या टोळीत उशिरा शिरलेला रिचर्ड पेपेन. गोष्ट रिचर्ड सांगतो. बनी नावाच्या मित्राला या सगळ्यांनी मिळून मारलं, हे तो सुरुवातीलाच सांगून टाकतो. खून कुणी केला हे शोधायचं नसतंच. हे इथवर कसं आलं, तेवढंच वाचायचं.

या पुस्तकाभोवती एक अख्खी वेशभूषा तयार झाली आहे. 'डार्क अकॅडेमिया' म्हणतात तिला. ट्वीडचे कोट, जुनी ग्रंथालयं, पाऊस, शाईचे डाग, मेणबत्त्या. 2020 मध्ये कॉलेजं बंद पडली आणि मुलं घरात कोंडली गेली, तेव्हा हे वेड फार फोफावलं. ज्यांना वर्ग दिसत नव्हता त्यांना वर्गाची ओढ लागली, यात मला नवल वाटत नाही.

बहीण शिकवते त्या कॉलेजात स्टाफरूममध्ये यावरून चांगलीच जुंपली होती. एका गटाचं म्हणणं, ही परकी विकृती आहे, पोरांच्या हाती असली पुस्तकं पडताच कामा नयेत. दुसरा गट तरुण प्राध्यापकांचा. ते म्हणतात, साहित्यात नीती शोधू नका, सौंदर्य पाहा. दोन्हीकडची माणसं मनापासून बोलतात, पण दोघांचंही मला पटत नाही. मी हे पुस्तक कुठे आणि कसं वाचलं, ते सांगितल्याशिवाय का पटत नाही ते सांगता येणार नाही.

मी 1994 च्या ऑगस्टमध्ये पश्चिम मॅसॅच्युसेट्समध्ये शिकायला आले. बेनिंग्टन इथून गाडीनं दीड तासावर. पहिल्या हिवाळ्यात एका तळघरातल्या खोलीत राहत होते. हीटर रात्री दोनला बंद व्हायचा, घरमालकाला सांगून काही होत नव्हतं. मी दोन स्वेटर, त्यावर कोट, पायात दोन जोड मोजे घालून झोपायची आणि पहाटे श्वासाची वाफ बघत पडून राहायची. त्याच हिवाळ्यात ही कादंबरी मला ग्रंथालयाच्या परत आलेल्या पुस्तकांच्या गाडीवर मिळाली.

त्यात एक प्रकरण आहे. हिवाळ्यात कॉलेज दोन महिने बंद असतं. पैसेवाली मुलं आपापल्या घरी नाहीतर इटलीला जातात. रिचर्डकडे घरी जायची इच्छा नाही आणि दुसरीकडे जायला पैसे नाहीत. मेंडोलिन बनवणाऱ्या एका माणसाकडे काम करायचं या बोलीवर त्याला राहायला फुकट खोली मिळते. तिच्या छताला भोक आहे. त्यातून बर्फ आत पडतं. रिचर्ड हे कुणालाही सांगत नाही, कारण सांगितलं तर आपण गरीब आहोत हे उघडं पडेल. न्यूमोनियानं मरायला टेकतो, पण सांगत नाही.

मी ती पानं तळघरात वाचली. पुढचा खून मला त्या छताच्या भोकाइतका भयंकर वाटला नाही, खरं सांगते.

कारण मीही तेच करत होते. रिचर्ड कॅलिफोर्नियातल्या एका रुक्ष गावचा, बापाचा पेट्रोल पंप. पण नव्या मित्रांना तो संत्र्यांच्या बागा, पोहण्याचा तलाव, सिनेमातले आईवडील अशी खोटी बालपणकथा सांगतो. आणि माझे वडील रावेर तालुक्यातले केळीवाले. चार एकर. त्यातली दीड एकर कांदेबाग, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेली केळी, एका वर्षी मे महिन्याच्या वादळात आडवी झाली होती, घडांसकट, आणि सोसायटीचं देणं अंगावर होतं. लॅबमधल्या एका मुलीनं विचारलं, तुझ्या घरी काय करतात? मी म्हणाले, आमच्या केळीच्या बागा आहेत. इंग्रजीत मी 'प्लँटेशन' हा शब्द वापरला. तिच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल ते मला दिसत होतं. पांढरा बंगला, व्हरांडा, नोकरचाकर. मी ते तसंच राहू दिलं. पुढे चार वर्षं राहू दिलं.

म्हणून स्टाफरूममधल्या पहिल्या गटाला माझं सांगणं आहे की हे वेड परकं नाही. जे आहे ते झाकून जे सुंदर दिसतं त्याच्या मागे जाणं, वाटेल ती किंमत देऊन, हाच आपला घातक दोष आहे, असं रिचर्ड सुरुवातीला स्वतःच कबूल करतो. हा दोष व्हरमाँटचा नाही. तालुक्याच्या गावातून पुण्यात किंवा पुण्यातून परदेशात आलेल्या प्रत्येक मुलाला तो ओळखीचा आहे.

आणि आपल्याकडेही हे होऊन गेलंय. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' 1963 ची. नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे, आमच्या शेजारच्या तालुक्यातले. त्यांचा पांडुरंग सांगवीकर खेड्यातून पुण्यात शिकायला येतो, बापाचा पैसा उडवतो, परीक्षेत आपटतो, हात हलवत परत जातो. माझा मोठा भाऊ ऐंशीच्या दशकात पुण्याला गेला, आणि पहिल्या दिवाळीला घरी आला तो पांडुरंग होऊनच. दाढी. प्रत्येक वाक्यात 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'. सगळं निरर्थक आहे, असं तो ओसरीत बसून वडिलांना सांगत होता आणि वडील सुतळीचं गुंडाळं करत ऐकत होते. दादा दुसऱ्या वर्षाला दोनदा बसला. त्या काळात विहिरीचं खोदकाम थांबलेलं मला आठवतं, कारण मनीऑर्डर दर महिन्याला जात होती. होस्टेलवर त्याच्यासारखे पुष्कळ होते म्हणे. कादंबरीतला बाप त्यांना खलनायक वाटायचा. मनी, पांडुरंगची धाकटी बहीण, देवीच्या रोगानं जाते, ती पानं वाचताना सगळे रडायचे, पण त्या घरात कुणी कुणासाठी काय सोसलं याचा हिशेब कुणी करत नव्हतं.

दादानं 'कोसला' पुन्हा वाचली ती वडील गेल्यावर. मला फोनवर म्हणाला, "अगं, यात बाप सगळीकडे आहे. मला तेव्हा दिसलाच नाही."

'द सीक्रेट हिस्टरी'तही असा एक माणूस आहे, वाचकांना न दिसणारा. बनीच्या आधी एक मरण होऊन गेलेलं असतं. ही मुलं ग्रीकांसारखा बाखस या मद्यदेवाचा उत्सव करायचा म्हणून अंगाला चादरी गुंडाळून रात्री रानात जातात, देहभान हरपतात, आणि त्या भरात त्यांच्या हातून एक स्थानिक शेतकरी मारला जातो. बनीला हे कळतं, म्हणून बनीला मारायचं ठरतं. सगळी कादंबरी त्या मढ्यावर उभी आहे. पण त्याच्याबद्दल पुस्तकात फार थोडं येतं. त्याचं घर, त्याची माणसं, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या गोठ्यात, खुराड्यात कोण गेलं, काही नाही. मुलं ती रात्र आठवतात तेव्हा चांदणं, झाडं, वेळेचं भान सुटणं हे सगळं तपशिलानं सांगतात. मेलेला माणूस त्यांच्या लेखी अडचण असतो.

लेखिकेनं हे मुद्दाम केलंय असं माझं ठाम मत आहे. रिचर्ड ज्याच्याकडे बघत नाही, त्याच्याकडे आपणही बघत नाही, आणि पुस्तक मिटताना आपल्या लक्षात यायला हवं की आपणही त्या टोळीत जाऊन बसलो होतो. सौंदर्य पाहा, नीती शोधू नका, असं म्हणणाऱ्या तरुण प्राध्यापकांना मी हेच म्हणेन. इथे सौंदर्य हाच गुन्ह्याचा रस्ता आहे. तो दिसला नाही, तर पुस्तकाचं सौंदर्यही अर्धंच हाती लागलं.

ज्युलियन सरांचंही तसंच. वाचक त्यांच्यावर जीव टाकतात. फुलं, चहा, मंद उजेड, प्लेटो. पण आपल्या विद्यार्थ्यांनी खून केलाय हे त्यांना कळतं तेव्हा ते काय करतात? निघून जातात. ना पोलिसांकडे, ना मुलांच्या पाठीशी. असे गुरू हवेत असं लिहिणाऱ्या मुलांनी ती दोन-तीन पानं पुन्हा वाचावीत.

इकडे या वेडावर टीका होते ती वेगळी. ही सगळी गोऱ्या, धनाढ्य, युरोपीय गोष्टींची आरती आहे, असं इथले टीकाकार म्हणतात. खरं आहे ते. पण माझी भाची मेणबत्तीच्या उजेडात अल्फा-बीटा गिरवते तेव्हा तिला श्रीमंती हवी असते असं मला नाही वाटत. तिला हवी आहेत एका टेबलाभोवती बसलेली पाच-सहा माणसं आणि एका ओळीवर संध्याकाळपर्यंत बोलणारा शिक्षक. हे मागणं रास्त आहे, आणि ते पुरवण्याची ताकद आज ना इथे उरली आहे ना तिथे. व्हरमाँटमध्ये लहान कॉलेजं एकामागून एक बंद पडली. 2019 मध्ये ग्रीन माउंटन कॉलेज, त्याच वर्षी खुद्द बेनिंग्टन गावातलं सदर्न व्हरमाँट कॉलेज, 2020 मध्ये मार्लबरो. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठानं 2021 मध्ये ग्रीक-लॅटिनचा विभाग बंद करायचं ठरवलं. आणि महाराष्ट्रात? बहिणीच्या कॉलेजात भाषेचे निम्मे वर्ग तासिका तत्त्वावरचे शिक्षक घेतात. एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात स्कूटर हाकणाऱ्या माणसाला एका ओळीवर संध्याकाळपर्यंत थांबायला वेळ कुठून येणार? मुलं कोट शिवतात याची स्टाफरूमला काळजी वाटते. मला काळजी वाटते ती या रिकाम्या जागांची.

बहिणीला मी सांगितलं, पुस्तक काढून घेऊ नकोस, कोटही राहू दे.

मग एका रविवारी मी बेनिंग्टनला गेले. एप्रिलमध्ये व्हरमाँटात वसंत नसतो, चिखल असतो. बर्फ वितळून कच्चे रस्ते घोट्याएवढे खचतात, त्याला इथली माणसं 'मड सीझन' म्हणतात. कॉलेजची हिरवळ जिथे संपते तिथे जमीन एकदम खाली उतरते आणि पलीकडे डोंगर दिसतात. सुंदरच आहे ते. दोन मुली तिथे काळे लांब कोट घालून एकमेकींचे फोटो काढत होत्या.

परतीच्या वाटेवर एक गोठा लागला. लाल रंग उडालेला, चारा साठवायची टाकी रिकामी, दारावर विक्रीची पाटी. 1940 च्या दशकात या राज्यात अकरा हजारांवर दूध काढणारे शेतकरी होते, आता सहाशेसुद्धा नाहीत. दुधाचा भाव, कर्ज, पुढच्या पिढीनं पाठ फिरवणं. कारणं मला कुणी समजावून सांगायला नकोत. गाडी थांबवली आणि तिथूनच भाचीला फोन लावला. पुण्यात रात्र झाली होती, ती जागीच होती.

तिला मी त्या शेतकऱ्याबद्दल विचारलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. तीनदा वाचलेलं पुस्तक, त्या टोळीतल्या हेन्रीच्या चष्म्याची काडी कशी आहे हेही तिला पाठ.

"मावशी, तो माझ्या लक्षातच राहिला नाही गं."

मग मी तिला तळघरातली खोली सांगितली, लॅबमधली मुलगी सांगितली, प्लँटेशन सांगितलं. तिच्या आईलाही मी हे कधी सांगितलेलं नाही. ऑगस्टमध्ये भाची बॉस्टनला शिकायला येते आहे, तिलाही तिथे कुणीतरी विचारणारच, तुझ्या घरचे काय करतात म्हणून.

"आजोबांकडे नक्की किती जमीन होती?" तिनं विचारलं.

"चार एकर."

"आणि विहीर?"

"अर्धवट खोदलेली. दादा परत आल्यावर पुरी केली," मी म्हणाले, आणि मग कांदेबाग म्हणजे काय, मृगबाग म्हणजे काय, घड कापायच्या दिवशी गाड्या किती वाजता यायच्या, हे सगळं ती एकेक करून विचारत राहिली.